भिंत, यादी आणि गीत : गॅल्व्हेस्टनच्या १९०० च्या वादळाची सामूहिक स्मृती

१

मेक्सिकोच्या आखातातील गॅल्व्हेस्टन बेटावर ८ सप्टेंबर १९०० रोजी, शनिवारी, जे चक्रीवादळ आदळले, त्याला नाव नाही. अटलांटिकमधील हरिकेनांना नावे देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. टेक्सासच्या या बंदरात मात्र नंतरही त्याला कोणी नाव दिले नाही. तेथे ते केवळ 'ते वादळ' अथवा '१९०० चे वादळ' या संज्ञेने ओळखले जाते. ज्या घटनेस विशेषनामाची गरज भासत नाही, ती त्या समाजाच्या कालगणनेचाच भाग झालेली असते. त्या आधीचे आणि त्या नंतरचे अशी त्या शहराच्या इतिहासाची विभागणी आजही केली जाते.

अमेरिकेच्या इतिहासातील सर्वाधिक जीवितहानी करणारी नैसर्गिक आपत्ती म्हणून या वादळाची नोंद आहे. मृतांची संख्या सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगितली जाते व सामान्यतः आठ हजार हा आकडा स्वीकारला जातो. असे असूनही या मृतांचे सार्वजनिक शिल्पस्मारक समुद्रकिनारी उभे राहण्यास शंभर वर्षे लागली. या दीर्घ विलंबाचा अर्थ 'विस्मरण' असा लावणे सोयीचे असले तरी ते वस्तुस्थितीस धरून नाही. शहर विसरले नव्हते. त्याने स्मृतीची वेगवेगळी रूपे निर्माण केली होती आणि प्रत्येक रूपाने काही जतन केले, काही वगळले. अभियंत्यांनी बांधलेली भिंत, वृत्तपत्रांनी छापलेल्या याद्या व ग्रंथ, आणि प्रार्थनागृहांत गायिलेली गीते ही या स्मृतीची तीन प्रमुख रूपे होत. त्यांचा परस्परसंबंध तपासला असता, आपत्तीच्या इतिहासात लिखित साधनांना मिळणारे अग्रस्थान कितपत ग्राह्य मानावे, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो.

२

स्मृतीचा विचार आपत्तीपासून सुरू होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गॅल्व्हेस्टनच्या बाबतीत तो आपत्तीपूर्वीच्या विस्मरणापासून सुरू करावा लागतो. त्याच किनाऱ्यावर, नैर्ऋत्येस, इंडियानोला नावाचे एक भरभराटलेले बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते उद्ध्वस्त झाले, नागरिकांनी ते पुन्हा उभारले, आणि १८८६ च्या वादळानंतर ते कायमचे सोडून देण्यात आले. ही घटना गॅल्व्हेस्टनच्या डोळ्यांदेखत घडली. त्यानंतर शहराभोवती संरक्षक भिंत बांधण्याचा विचार मांडला गेला, परंतु तो तडीस गेला नाही.

हे शहर एका लांबट, सखल वाळूच्या बेटावर वसलेले होते. त्यातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांपेक्षाही कमी उंचीवर होती. १९०० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३७,७८९ होती. कापसाच्या निर्यातीमुळे शहराला लाभलेल्या वैभवापुढे इंडियानोलाचा धडा फिका पडला. १८९१ मध्ये स्थानिक हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी 'गॅल्व्हेस्टन न्यूज'मध्ये लेख लिहून, या किनाऱ्याला मोठ्या वादळापासून गंभीर धोका असल्याची कल्पना भ्रामक असल्याचे प्रतिपादन केले. अशा प्रकारे शास्त्राच्या अधिकारवाणीनेच विस्मरणाला मान्यता दिली.

१९०० च्या सप्टेंबरमध्ये याची पुनरावृत्ती अधिक व्यापक पातळीवर झाली. क्यूबा त्या वेळी अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. हवानातील बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेत जेझुइट पाद्री बेनितो व्हिन्येस यांनी चक्रीवादळांच्या निरीक्षणाची दीर्घ परंपरा घडवली होती. तेथील निरीक्षकांच्या मते हे वादळ पश्चिमेकडे, आखाताच्या दिशेने सरकत होते. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचा अंदाज असा होता की ते उत्तरेकडे वळून फ्लोरिडामार्गे अटलांटिकमध्ये जाईल. क्यूबातून वादळविषयक तारा पाठविण्यावर खात्याचे प्रमुख विलिस मूर यांच्या पुढाकाराने निर्बंध घालण्यात आले होते. जित प्रदेशातील ज्ञान हे ज्ञान नव्हेच, ही वसाहतवादी धारणा येथे हजारो प्राणांना भोवली. वसाहतीच्या ज्ञानव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही.

३

शनिवारी सकाळी समुद्र शहराच्या रस्त्यांवर आला, आणि वारा उत्तरेकडून वाहत असतानाही तो चढतच राहिला. दुपारनंतर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे पूल निकामी झाले. संध्याकाळी वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र ताशी शंभर मैलांची नोंद करून उडून गेले. रात्री उधाणाची पातळी पंधरा फुटांवर गेली. पाण्यापेक्षाही घातक ठरले ते मोडलेल्या घरांचे लाकूडसामान. समुद्राकडील घरांचे अवशेष लाटांबरोबर एकत्र येऊन त्यांची एक प्रचंड भिंत तयार झाली आणि ती मागच्या घरांवर आदळत शहरात सरकत गेली. सुमारे ३,६०० घरे नष्ट झाली. त्याच ढिगाऱ्यामुळे अखेरीस त्याच्या मागील वस्ती वाचली. वास्तविक शहराची पहिली 'समुद्रभिंत' ही मृतांच्या घरांचीच होती.

पुढचा प्रश्न मृतदेहांचा होता. भूजल वर आलेल्या वाळूत इतक्या मृतांना पुरणे अशक्य झाले. सोमवारी सुमारे सातशे मृतदेह एका तराफ्यावर चढवून खोल समुद्रात सोडण्यात आले. हे काम करण्यासाठी सुमारे पन्नास कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने पकडून आणले गेले आणि शुद्ध हरपावी इतपत व्हिस्की पाजण्यात आली. समुद्राने यांतील बरेच मृतदेह पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकले. त्यानंतर ढिगाऱ्यातील लाकडांच्याच चिता रचण्यात आल्या आणि कित्येक आठवडे त्या जळत राहिल्या. दफन हाच अंत्यसंस्कार मानणाऱ्या समाजाच्या दृष्टीने ही दुहेरी हानी होती. माणूस गेला आणि त्याची कबरही राहिली नाही. स्मृतीला टेकण्यासाठी जागाच उरली नाही, ही बाब पुढील सर्व स्मृतिरूपांच्या मुळाशी आहे.

कबरींची जागा यादीने घेतली. 'गॅल्व्हेस्टन न्यूज' दिवसामागून दिवस मृतांच्या याद्या छापत राहिले. त्यांतील नावांची संख्या चार हजारांच्या वर गेली. कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाल्याने कित्येकांचे नाव सांगण्यासाठीही कोणी उरले नव्हते. म्हणूनच 'आठ हजार' हा आकडा आणि यादी यांच्यात कायमची तफावत राहिली. संख्या व स्मृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे दगावल्याची नोंद जागतिक आपत्तींच्या अनेक सूचींत आढळते. मात्र समकालीन वृत्तपत्रांत वा हवामानाच्या नोंदींत त्या घटनेचा मागमूस नाही. तेथे संख्या आहे, पण नाव नाही, गीत नाही, कोणाची आठवण नाही. गॅल्व्हेस्टनमध्ये संख्या अनिश्चित आहे, परंतु घटना पिढ्यान्‌पिढ्या जिवंत आहे.

४

लिखित स्मृतीचा पहिला टप्पा अत्यंत घाईचा होता. वर्ष संपण्यापूर्वीच पॉल लेस्टर, म्युरॅट हॅल्स्टेड प्रभृतींचे जाडजूड सचित्र ग्रंथ बाजारात आले. त्यांत प्रत्यक्ष साक्षी, ऐकीव वार्ता आणि कल्पित प्रसंग यांची सरमिसळ होती. एडिसन कंपनीच्या कॅमेऱ्याने ढिगाऱ्यांतील मृतदेहांच्या शोधाची दृश्ये टिपली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे काही वर्षांतच या प्रलयाचा मनोरंजनाचा खेळ तिकीट लावून दाखविला जाऊ लागला. दूरच्या वाचकासाठी व प्रेक्षकासाठी आपत्ती ही विक्रेय वस्तू झाली.

या ग्रंथांतील एका आवर्ती प्रसंगाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मृतांची बोटे कापून अंगठ्या चोरणारे कृष्णवर्णीय लुटारू आणि त्यांना जागीच गोळ्या घालणारे सैनिक, असे हे कथन. वृत्तपत्रांनी ठार झालेल्यांचे मोठमोठे आकडे दिले, पण त्यांना पुष्टी देणारा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. ज्यांना मृतदेह उचलायला भाग पाडले गेले, त्यांनाच मृतदेह लुटणारे म्हणून रंगविण्यात आले. भयकथेतील खलपात्राची रिकामी जागा भरण्यासाठी समाजातील दुर्बलाची निवड होते, हा साथीच्या व दंगलींच्या साहित्यातही आढळणारा नियम येथेही दिसतो.

दुसरा टप्पा आत्मचरित्राचा. स्वतः क्लाइन यांनी या वादळात आपली गर्भवती पत्नी गमावली. त्यांच्या घरात सुमारे पन्नास लोक आश्रयाला आले होते, त्यांतील बहुसंख्य बुडाले. क्लाइन, त्यांचे भाऊ जोसेफ आणि क्लाइन यांच्या तीन मुली बचावल्या. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात क्लाइन यांनी, आपण किनाऱ्यावर घोडागाडी दौडवून लोकांना सावध केले आणि हजारोंचे प्राण वाचविले, असे लिहिले. १८९१ च्या लेखाला मात्र या आत्मकथनात त्याचे योग्य स्थान मिळत नाही. एरिक लार्सन यांनी 'आयझॅक्स स्टॉर्म' (१९९९) या ग्रंथात या दाव्याविषयी गंभीर शंका उपस्थित केली, कारण इतर साक्षीदारांच्या निवेदनांतून त्याला दुजोरा मिळत नाही. तथापि क्लाइन यांच्या कथनाला केवळ असत्य ठरविल्याने त्याचे वाङ्मयीन स्वरूप उलगडत नाही. पत्नी गमावलेल्या व स्वतःच्या शास्त्रीय निर्णयाचे ओझे वाहणाऱ्या माणसाने चार दशकांनंतर रचलेले ते जगण्याजोगे कथन आहे.

तिसरा टप्पा साक्षींच्या संकलनाचा. जॉन एडवर्ड वीम्स यांनी हयात असलेल्या साक्षीदारांच्या मुलाखतींच्या आधारे 'अ वीकेंड इन सप्टेंबर' (१९५७) हे पुस्तक सिद्ध केले. शहराच्या रोझेनबर्ग ग्रंथालयाने पत्रे, आठवणी व मौखिक मुलाखती जतन केल्या. त्यांतील निवडक सामग्री केसी एडवर्ड ग्रीन व शेली हेन्ली केली यांनी 'थ्रू अ नाइट ऑफ हॉरर्स' (२०००) या नावाने संपादित केली. या संग्रहाचे मोल निर्विवाद आहे. परंतु पत्रे लिहिणारा, ती जपून ठेवणारा आणि ग्रंथालयाकडे सुपूर्द करणारा वर्ग बहुतांशी गोरा व सुशिक्षित होता. तराफ्यावर मृतदेह चढविणाऱ्या त्या पन्नास जणांचे स्वमुखाने केलेले निवेदन या दप्तरात नाही.

५

दरम्यान शहराने आपली सर्वांत भव्य स्मृती दगड, सिमेंट व वाळू यांत कोरली. रॉबर्ट, नोबल व रिप्ले या तीन अभियंत्यांच्या मंडळाने सादर केलेल्या योजनेनुसार १९०२ मध्ये समुद्रभिंतीचे काम सुरू झाले. सतरा फूट उंचीचा, तीन मैलांहून अधिक लांबीचा पहिला टप्पा १९०४ मध्ये पूर्ण झाला. त्याहून अचाट काम भूपातळी उंचावण्याचे होते. दोन हजारांवर इमारती स्क्रूजॅकच्या साहाय्याने उचलण्यात आल्या. बंदराच्या मार्गातून उपसलेली वाळू पाण्यासह नळांतून आणून त्यांच्याखाली भरण्यात आली. तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्चही याच रीतीने पाच फूट उचलले गेले. घर उचलण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा होता. कित्येक वर्षे नागरिक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत होते. खाऱ्या वाळूने झाडे मेली. जुन्या दफनभूमींतील कबरीही भरावाखाली गेल्या आणि त्यांच्यावर पुन्हा नवी दफने झाली.

या प्रचंड उद्योगाचा सांस्कृतिक अर्थ दुहेरी आहे. एका बाजूने ती मृतांना वाहिलेली कृतिशील श्रद्धांजली होती. १९१५ च्या मोठ्या वादळात शहर तगले, हे तिचे फळ. दुसऱ्या बाजूने, ज्या भूमीवर ते मरण पावले ती भूमीच डोळ्यांआड झाली. स्मारकाला जागा ठेवली तर धोक्याची आठवण राहील आणि धोक्याची आठवण राहिली तर भांडवल येणार नाही, हे व्यापारी शहराचे तर्कशास्त्र होते. १९०१ मध्ये स्पिंडलटॉप येथे तेल सापडले, १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजमार्ग खुला झाला आणि व्यापाराचे केंद्र तिकडे सरकले. ज्या वैभवासाठी विस्मरण पत्करले, ते वैभवही टिकले नाही.

पुनर्बांधणीबरोबरच शहराचा कारभार लोकनियुक्त नगरसेवकांऐवजी आयुक्तमंडळाकडे सोपविण्यात आला. 'गॅल्व्हेस्टन योजना' या नावाने ही पद्धत अमेरिकेतील अनेक शहरांनी अनुकरणीय मानली. प्रभागवार प्रतिनिधित्व नसल्याने या रचनेत कृष्णवर्णीय नागरिकांना स्थान मिळणे दुर्घट झाले. वस्तुतः १८८० च्या दशकात नॉरिस राइट क्यूनी यांच्यासारखा कृष्णवर्णीय नेता याच शहराचा नगरसेवक होता. पॅट्रिशिया बेलिस बिक्सेल व एलिझाबेथ हेज टर्नर यांनी आपल्या २००० मधील ग्रंथात आपत्ती व पुढील परिवर्तन यांचा असा एकत्र विचार केला आहे. पाण्याला अडविणारी भिंत आणि सत्तेतून माणसांना वगळणारी भिंत एकाच काळात उभ्या राहिल्या.

६

मौखिक स्मृतीची दोन उदाहरणे येथे महत्त्वाची आहेत. पहिले सेंट मेरी अनाथालयाचे. समुद्रकाठच्या या संस्थेत दहा धर्मभगिनी व त्र्याण्णव मुले होती. पाणी चढू लागले तेव्हा धर्मभगिनींनी मुलांना आपल्या कमरेला कपडे वाळविण्याच्या दोरीने बांधले आणि फ्रेंच परंपरेतील, लाटांच्या राणीला म्हणजे मेरीमातेला आळविणारे स्तोत्र त्यांच्याकडून गाऊन घेतले. इमारत कोसळली. केवळ तीन मुलगे एका झाडाच्या आधाराने वाचले आणि त्यांच्यामुळेच ही हकीकत जगाला कळली. त्या संघाच्या धर्मभगिनी ८ सप्टेंबरला, त्या जेथे असतील तेथे, हेच स्तोत्र गातात. १९९४ मध्ये अनाथालयाच्या जागी ऐतिहासिक खूणपट्टी बसविण्यात आली. तिच्या आधीची नऊ दशके ही स्मृती या गायनाने वाहिली होती.

दुसरे उदाहरण कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनापरंपरेतील गीताचे. लोकगीत-संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी १९३४ मध्ये टेक्सासमधील डॅरिंग्टन येथील तुरुंगाच्या शेतीवर, सिन-किलर ग्रिफिन या धर्मोपदेशकाच्या व बंदिवानांच्या तोंडून ते ध्वनिमुद्रित केले. १९६० च्या सुमारास लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनात गोऱ्या गायकांनी ते उचलले आणि ते देशभर पोहोचले. प्रवचनकार व समुदाय यांच्यातील साद-प्रतिसादाच्या घाटातले हे गीत वर्षाच्या उल्लेखाने सुरू होते व मृत्यूच्या हाकेपाशी येऊन ठेपते.

या गीताच्या प्रचलित पाठात एक कालविपर्यास आहे. शहराला समुद्रभिंत होती आणि तरीही पाणी तिच्यावरून आले, असे त्यात सांगितले जाते. १९०० मध्ये भिंत नव्हतीच. इतिहासकार याला चूक म्हणेल. मौखिक परंपरेचा अभ्यासक मात्र त्यामागील प्रक्रिया शोधील. १९०० आणि १९१५ ही दोन वादळे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळली असावीत, हे एक संभाव्य स्पष्टीकरण. दुसरे अधिक अर्थगर्भ आहे. भिंतीच्या अभिमानावर आधारलेल्या शहराच्या अधिकृत कथनाला हे गीत उत्तर देते. माणसाने कितीही उंच भिंत बांधली तरी मृत्यूची हाक तिच्याबाहेर राहत नाही, हा त्याचा आशय भिंतीच्या उल्लेखावाचून पूर्णच होत नाही. भिंतीच्या आतल्या सत्तेत ज्यांना स्थान नव्हते, त्यांच्या गीताने तिच्या अभेद्यतेवर विश्वास ठेवू नये, हे स्वाभाविक आहे. ते गीत तुरुंगाच्या भिंतीआड नोंदले गेले, ही बाबही या संदर्भात नजरेआड करता येत नाही.

७

या प्रकरणाची तुलना बंगालच्या किनाऱ्याशी करता येते. 'सायक्लोन' हा शब्दच कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये नाविकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात तो रूढ केला. मातला नदीकाठी नवे बंदर उभारण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला अनावृत पत्र लिहून वादळी उधाणाचा धोका स्पष्ट केला. तरीही पोर्ट कॅनिंग बांधले गेले आणि १८६७ च्या वादळाने ते मोडकळीस आणले. अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (२००४) या कादंबरीत निर्मल या पात्राच्या तोंडून ही हकीकत येते. कलकत्त्यात शास्त्रज्ञाने दिलेला इशारा सत्तेने धुडकावला. गॅल्व्हेस्टनमध्ये शास्त्रज्ञाने स्वतःच निर्धास्त राहण्याचा सल्ला दिला आणि वसाहतीतून आलेला इशारा धुडकावला गेला. दोन्ही ठिकाणी व्यापारी बंदराची आकांक्षा समान आहे. भेद आहे तो नंतरच्या स्मृतीत. गॅल्व्हेस्टनमध्ये ती समाजाच्या अनेक थरांत समांतरपणे वाहिली. कॅनिंगच्या बाबतीत तिला इंग्रजी कादंबरीत पुन्हा अवतरण्यासाठी जवळजवळ दीड शतक थांबावे लागले.

शताब्दीच्या निमित्ताने २००० मध्ये समुद्रभिंतीवर डेव्हिड मूर यांचे कांस्यशिल्प बसविण्यात आले. त्यात एकमेकांना घट्ट धरून पाण्याशी झुंजणारे एक कुटुंब आहे. आठ वर्षांनी, १३ सप्टेंबर २००८ रोजी, 'आइक' हरिकेन याच किनाऱ्यावर आले. भिंतीने समुद्राची लाट थोपविली, पण पाणी पाठीमागच्या उपसागरातून शहरात शिरले. भरावानंतर लावलेले जुने ओक वृक्ष खाऱ्या पाण्याने हजारोंच्या संख्येने मेले. त्यांतील कित्येकांचे बुंधे नागरिकांनी तोडले नाहीत, कारागिरांकडून त्यांची शिल्पे घडवून घेतली. या वेळी स्मारकासाठी शंभर वर्षे लागली नाहीत.

भिंत धोक्याची उंची सांगते, यादी मृतांची नावे सांगते, गीत त्यांचा अर्थ सांगते. यांपैकी कोणतेही एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्यांच्याकडून मृतदेह उचलवून घेतले गेले आणि ज्यांची साक्ष नोंदविली गेली नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अभ्यासकाला गीताखेरीज फारशी वाट उरत नाही. त्या गीतातील कालविपर्यास दुरुस्त करून बाजूला ठेवला, तर त्यांची उरलीसुरली साक्षही पुसली जाईल. तौलनिक साहित्याभ्यासाने अशा 'चुकां'कडे पुरावा म्हणून पाहावे, ही गॅल्व्हेस्टनच्या शतकभराच्या स्मरणव्यवहाराची मागणी आहे.